चौकट की खड्डामाग?
हौस म्हणून विणकाम शिकायचं तर खिळे ठोकलेली लाकडी चौकट घ्यावी, की पैठणीच्या येवल्यात जाऊन खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या हातमागावर, बसावं? चौकट टेबलावर मावते, चुकलं तर उसवता येतं. कापड मात्र चौकटीएवढंच.

खड्डामागावर पाय खड्ड्यात. पावडी (पायानं दाबायची पट्टी) दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन वाट उघडते, त्यातून आडवा धागा घेऊन धोटा जातो, मग तो धागा घट्ट बसवायला फणीचा ठोका. हातपाय जुळायलाच बरेच दिवस लागतात. पैठणीच्या पदरावरचा मोर तर वेगवेगळ्या रंगांचे धागे हातानं गुंफत, ओळीओळीनं भरतात. तो पहिल्या वर्षी मनातही आणू नये.

मी म्हणेन, आधी चौकटीवर दोन-तीन पट्ट्या विणा. मग येवल्यात विणकराचे हात तासभर पाहा. आपल्या पट्टीची कड आत का ओढली जाते, ते तिथं उमगतं.