पोर्चमधला ढापा बदलायचाय: आरसीसी की एफआरपी?

सेप्टिक टँकच्या तोंडावरचा ढापा, म्हणजे झाकण, डुगडुगायला लागला, कडेचे टवके उडाले की बदलायचा हे ठरलेलंच. घोळ होतो तो त्या जागी काय बसवायचं यावर. नाशकात चार पर्याय सहज मिळतात: सिमेंट पाइपच्या वखारीतला तयार आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचा) ढापा, बिडाचं झाकण, अंबड-सातपूरकडच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली चेकर प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) आणि फ्रेमसकट येणारं एफआरपीचं (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचं) झाकण. कडप्पा किंवा शहाबादी फरशी मी यात धरतच नाही. तिच्यात सळई नसते, ती तुटते ती एकदम, आणि खाली टाकी असते.

चेकर प्लेट सांडपाण्याच्या गटारीवर चालते, कारण पावसाळ्याआधी उलटून खालून रंग मारता येतो. सेप्टिक टँकवर मात्र तिला खालची वाफ खाते आणि वरून पत्ता लागत नाही. बीड टिकाऊ, पण जड, आणि गेटाबाहेर असेल तर भंगारासाठी उचललं जाण्याची भीती कायम. त्यामुळे घरच्या टाकीसाठी खरा सामना आरसीसी आणि एफआरपी यांचाच.

आरसीसीच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. स्वस्त, मिळायला सोपा, गाडी गेली तरी आवाज नाही, आणि वजनामुळे लहान मुलांच्या हाताने हलत नाही. ६०० बाय ६०० मिमी, ७५ मिमी जाडीचा ढापा पासष्ट किलोच्या आसपास भरतो. त्याचं दुखणं खालच्या बाजूला असतं. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड ओल्या पृष्ठभागावर बसतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. मग सळई उघडी पडते, गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात. वरून ठणठणीत दिसणारा ढापा उलटून हातोडीने वाजवून पाहा. भद्द आवाज आला तर त्यावर पाय देऊ नका.

तरीही माझं मत फिरलं ते टिकाऊपणामुळे नाही, उघडण्याच्या त्रासामुळे. वास आणि डास नकोत म्हणून गवंडी ढाप्याची फट सिमेंटने भरून टाकतो. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची वेळ येते, सक्शनची गाडी दारात उभी असते आणि आपण छन्नीने सांधा फोडत बसतो. कडी गंजलेली असते, जोर लावला की तुटते. मग पहार घालायची, आणि पहार घातली की कड गेलीच. फुटक्या कडेला टेकू नीट मिळत नाही, ढापा हलतो आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. चांगला ढापा वापराने कमी, उघडण्याने जास्त खराब होतो. हा त्रास टळत असेल तर एफआरपीची जास्तीची किंमत मला तरी पटते. ज्यांची टाकी क्वचितच उघडते त्यांचा हिशेब वेगळा असू शकेल.

एफआरपी घेताना झाकणावरचा भारवर्ग, म्हणजे ते किती भार पेलतं याचा छापलेला वर्ग, वाचा. ए१५ म्हणजे १५ किलोन्यूटन, साधारण दीड टन. तो फक्त पायी वावरासाठी. पोर्चमध्ये कार लागत असेल तर बी१२५, म्हणजे साडेबारा टन. वर्ग छापलेलाच नसेल तर ते झाकण सोडून द्या. दुकानदार सांगतो ते माप फ्रेमच्या बाहेरचं की आतल्या मोकळ्या तोंडाचं, हेही विचारा. बहुतेक फसगत इथेच होते. जुन्या तोंडाची लांबी-रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून न्या. कर्णांत फरक असेल तर तोंड तिरकं आहे, आधी ते सरळ करून घ्यावं लागेल.

बसवताना फ्रेमला चारही बाजूंनी किमान ५० मिमी टेकू हवा. जुना ठिसूळ थर टणक काँक्रीट लागेपर्यंत फोडा, पाणी मारा, फ्रेम पाणसळीने सपाट करा आणि भोवती एम२० प्रतीचं काँक्रीट भरा. भरताना झाकण फ्रेममध्येच राहू द्या, नाहीतर फ्रेम दबून वाकडी होते आणि झाकण पुढे कायम खडखडतं. झाकण आणि फ्रेममधल्या खाचेत प्लॅस्टिक कागद घातला की सिमेंटचं पाणी चिकटत नाही. सात दिवस पाणी मारा, तोवर त्यावर गाडी नको.

एफआरपीचे दोषही आहेत. सतत उन्हात वरचा थर पांढरा पडून तंतू दिसू लागतात. छपराखाली हा प्रश्न कमी. हलकं असल्याने कुलूपबोल्ट हवेतच, आणि ते स्टेनलेसचे घ्या, ग्रीस लावून. रबर पट्टीने झाकण घट्ट बसलं तरी वायू कुठून तरी निघणारच, म्हणून टाकीचा व्हेंट पाइप मोकळा आहे आणि त्याच्या तोंडाला जाळी आहे हे आधी बघून घ्या.

जिथे मालाचा ट्रक किंवा पाण्याचा टँकर आत येतो तिथे मी अजूनही जाड आरसीसीच सुचवेन, पण सळईची कडी न घेता ढाप्यात स्टेनलेसची कडी ओतून घ्या आणि फट सिमेंटऐवजी चुन्याच्या मऊ गाऱ्याने भरा. कोणताही ढापा काढल्यावर अर्धा तास तोंड उघडं ठेवा, जवळ काडी-सिगारेट नको, मुलांना लांब ठेवा, आणि काही पडलं तरी कोणालाही आत उतरवू नका.