गिट एलएफएस, आठ महिन्यांनंतर: रेपो हलका झाला, पण मीटर पळत राहिलं

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि एलएफएस ही मोठ्या फाइली त्या नोंदींच्या बाहेर ठेवणारी त्याची जोड. आमच्या टीममध्ये नागपूरहून एक मुलगी नव्याने रुजू झाली. पहिल्याच दिवशी रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) क्लोन करायला, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवायला बसली आणि मोबाइल हॉटस्पॉटवर तीनदा मध्येच तुटलं. गिटचं क्लोन तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, अर्धं उतरलेलं उपयोगी पडत नाही. तिचा दिवसाचा डेटा संपला, काम शून्य. रेपो ४.८ जीबीचा, त्यात कोड जेमतेम ९० एमबी. फार वाईट वाटलं मला.

बाकीचं वजन दोन वर्षांच्या एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपच्या तयार फाइली) आणि डिझायनरच्या पीएसडींचं (फोटोशॉपच्या फाइली). फाइली आम्ही कधीच डिलीट केल्या होत्या, पण त्याने इतिहास हलका होत नाही. एपीके म्हणजे मुळात झिपच. आधीच दाबलेली असल्यामुळे दोन बिल्डमधला, म्हणजे तयार झालेल्या दोन एपीकेंमधला, नुसता फरक साठवणं गिटला फारसं जमत नाही, जवळजवळ अख्खी फाइल दरवेळी नव्याने बसते.

मग एपीके फिल्टर-रेपो या इतिहास बदलणाऱ्या साधनाने काढल्या, पीएसडी एलएफएसच्याच 'मायग्रेट इम्पोर्ट' या आज्ञेने एलएफएसमध्ये हलवल्या. आता रेपोत पीएसडीच्या जागी तीन ओळी: व्हर्जन, शा-२५६ (फाइलची ओळख पटवणारा आकडा), साइज. खरी फाइल एलएफएसच्या सर्व्हरवर. लोकल आकार १६० एमबी! त्या संध्याकाळी मी एलएफएसला पाचपैकी पाच दिले असते.

रेपो ठेवलेल्या होस्टिंगच्या सर्व्हरवर मात्र आकडा ४.८ जीबीचाच. जुन्या पुल रिक्वेस्टचे (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्यांचे) रेफ, म्हणजे खुणा, जुने कमिट (नोंदवलेले बदल) धरून बसतात, ते सर्व्हरवरूनच साफ करावे लागतात. सपोर्टला चार मेल केले आणि चारही वेळा 'लोकलवर जीसी चालवा' (आपल्या मशीनवर गिटची साफसफाई करा) हेच उत्तर. अकराव्या दिवशी कुणीतरी मेल नीट वाचला आणि काम झालं. तेवढ्यात एका सहकाऱ्याने जुन्या क्लोनमधून मर्ज करून (जुना-नवा इतिहास जोडून) पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, आणि काढलेला सगळा इतिहास परत आला. पुन्हा सगळी साफसफाई. इतिहास बदललात तर जुनं क्लोन प्रत्येकाकडून समोर बसवून डिलीट करून घ्या.

पण माझा खरा राग बँडविड्थवर आहे. एलएफएसचं प्रत्येक डाउनलोड कोट्यातून वजा होतं. आमचं सीआय (दर पुशला आपोआप अ‍ॅप बनवून तपासणारी यंत्रणा) दर वेळी सगळ्या पीएसडी उतरवत होतं: ३०० एमबी, दिवसाला वीसेक वेळा, म्हणजे ६ जीबी. आणि बिल्डला त्यातली एकही पीएसडी लागत नाही! नऊ तारखेला कोटा संपला, सगळे बिल्ड लाल, म्हणजे नापास. दोनदा जादा पॅक विकत घेतला. सहा जणांच्या कंपनीत हे पैसे टोचतात. उपाय निघाला सीआयमधली 'स्किप स्मज'ची एक ओळ, जिच्यामुळे एलएफएसच्या फाइली उतरतच नाहीत. ही गोष्ट एलएफएस बसवतानाच ठळकपणे सांगायला हवी, म्हणून आता तीनच तारे.

आज सुरुवात करायची असती तर आधी ब्लॉबलेस क्लोन वापरून बघितलं असतं. गिटमध्येच आहे, फुकट. कमिटचा इतिहास लगेच येतो, जुन्या फाइली लागतील तेव्हा उतरतात. खोट एकच: रेल्वेत नेट गेलं की ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) अडकतं. ते मला चालेल.

एपीके आता रिलीज पानावर जातात. ५ एमबीच्या वरची फाइल अडवायला प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी, लावला. हुक क्लोनबरोबर येत नाही, प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा बसवावा लागतो, म्हणून तीच तपासणी सीआयमध्येही टाकली आहे.