गॅसलेस मिग वेल्डिंग मशीन, वर्षभराचा वापर: मशीन उत्तम, अर्थिंगची केबल टाकाऊ

गणपतीत सर्व्हिस सेंटरला दिलेली मशीन दसऱ्याला परत मिळाली. सोबत ‘व्होल्टेज कमी, मशीन ओके’ असा शेरा आणि तपासणीचं बिल. दोष मशीनमध्ये नव्हता हे खरं, पण व्होल्टेजमध्येही नव्हता. तो डब्यातच आलेल्या अर्थिंगच्या केबलमध्ये (मशीनपासून निघून क्लॅम्पने कामाच्या पत्र्याला लागते ती) होता. नव्याने वेल्डिंग शिकणाऱ्याला असा दोष आपल्या हाताचाच वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन २०० अँपिअरची इन्व्हर्टर, सिंगल फेजवर चालणारी, मिग (गनमधून आपोआप सरकणाऱ्या तारेचं वेल्डिंग) आणि रॉड दोन्ही करणारी. बाकी आकडे डब्यावर आहेतच.

घेतली ती घरच्या महिंद्रा एमएम ५४० साठी. औसा तालुक्यात पाऊस तो किती, मग जीप गंजते कशी, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. आमच्याकडे जीप गंजते ती खतानं आणि काळ्या चिखलानं. मागच्या हौद्यात वर्षानुवर्षं युरिया आणि पोटॅशची पोती वाहिली. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक प्रकारचं मीठच. फाटक्या पोत्यातून सांडून रबरी मॅटखाली गेलं की तिथली ओल हटत नाही. खालच्या बाजूने पत्र्याच्या घडीत काळी माती भरते ती वेगळीच. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या सीटमागे पत्र्याची नुसती जाळी झालेली, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार. डेंटिंगवाल्याने सांगितलेल्या रकमेत मशीन, ऑटो डार्क हेल्मेट आणि ग्राइंडर बसून वर पैसे उरत होते. मग मशीनच आणली.

पहिले काही महिने मी या मशीनवर खूश होतो. रॉडने १.२ मिलिमीटरचा पत्रा जोडायला हात मुरलेला लागतो. ०.८ च्या फ्लक्सवाल्या (पोटात पावडर असलेल्या, गॅस न लागणाऱ्या) तारेने तो नवशिक्यालाही जमतो. फक्त एक गोष्ट माहितीपुस्तकात बारीक अक्षरात दडलेली आहे: मशीन येते तेव्हा गन प्लसला जोडलेली असते. ती जोडणी गॅसवर चालणाऱ्या साध्या तारेसाठी. गॅसलेस तारेला गन मायनसला आणि अर्थिंग प्लसला हवं. ही अदलाबदल केली की ठिणग्यांचा पाऊस थांबतो आणि पत्र्याला भोकंही कमी पडतात.

पत्र्यावर सलग लेप ओढायचा नाही. एक टाका इथं, दुसरा पार त्या टोकाला, मग मध्ये, आणि हात लावता येईल इतका पत्रा गार झाला की पुढचा. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. भोक पडलंच तर मागे तांब्याची पट्टी दाबून धरायची. वितळलेलं लोखंड तांब्याला धरत नाही, भोक भरून येतं. ठिगळासाठी झिंक चढवलेला पत्रा वापरू नका, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. बॅटरीची मायनस तार काढून ठेवायची, अल्टरनेटरचीही. पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी हवंच.

उन्हाळ्यापासून मात्र तार अडखळायला लागली. टाका मारताना आवाज एकसारखा येईना, मध्येच फट्-फट्, टाका पत्र्यावर नुसता गोळा होऊन बसायचा आणि छिन्नी लावली की निघायचा. डीपीवर मोटारी चालू असल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, म्हणून रात्री काम करून पाहिलं. मीटरवर २३० असतानाही तीच गत. हे सर्व्हिसवाल्याला फोनवर सांगितलं. त्याचं एकच: स्टॅबिलायझर लावा.

उलगडा केला गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी. आल्या आल्या त्यांनी क्लॅम्पला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “सर, मशीन चांगली चालायली. अर्थिंग तापायलंय बघा.” त्यांनी पान्हा लावून केबलचं टोक मोकळं केलं. लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) तार सोल्डर नव्हती, नुसती चेपलेली, आणि वरची रबरं काळी पडलेली. चाकूने तार खरवडली तर तांबूस रंगाखाली पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, म्हणजे तांब्याइतकी वीज न वाहणारं!

मग मोजूनच पाहिलं. पुतण्याने मल्टिमीटरचा एक पिन मशीनच्या अर्थिंग टर्मिनलला आणि दुसरा पत्र्यावर टाक्याजवळ धरला, मी तार चालवली. दीड व्होल्ट मधल्या मध्ये गायब. दीड व्होल्ट ऐकायला काहीच नाही, पण पातळ पत्र्यावर मिगचा आर्क चालतोच १५-१६ व्होल्टवर. म्हणजे दहावा हिस्सा वाटेतच संपतो. ६० अँपिअरला दीड व्होल्ट म्हणजे ९० वॅट, आणि ती उष्णता केबलमध्ये आणि त्या चेपलेल्या जोडात.

लातूरहून २५ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची तीन मीटर केबल आणि पितळी क्लॅम्प आणला. मिस्त्रींनी लग नीट दाबून, सोल्डर भरून दिला. पत्र्याचा रंग घासून चकचकीत जागेवर क्लॅम्प लावला. आता तीच घट पाव ते अर्धा व्होल्ट भरते आणि तार एका सुरात चालते. त्याच मशीनने, त्याच स्पूलने हौद्याचा पूर्ण तळ आणि उजवी चाकाची कमान झाली. इतक्या चांगल्या मशीनचं नाव कंपनीने तांब्यातले दोन पैसे वाचवण्यासाठी घालवलं, याचा मला खरोखर राग आहे. मशीनला पाचपैकी साडेचार, सोबतच्या केबलला शून्य. विकत घेताना केबलचे पैसे धरूनच हिशेब करा.

चेसिसला मी हात लावलेला नाही. मागचा क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा दांडा) मिस्त्रींनीच ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने केला. त्यावर जीव अवलंबून असतो, तिथे शिकाऊ हात नको.

विंडशील्डच्या चौकटीची खालची पट्टी तेवढी राहिली आहे. तिथे पत्रा गंजून इतका पातळ झालाय की ही तार चालणार नाही. सोयाबीनची रास झाली की सीओटूचा सिलिंडर भाड्याने आणून, गन परत प्लसला लावून, गॅसच्या साध्या तारेने तेवढं काम काढणार आहे.