‘पैसे नकोत, फक्त चांगलं घर हवं’: कॉर्गी दत्तक देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

कॉर्गी जातीच्या कुत्रीचे गोड फोटो, ‘मालक परदेशी चालले आहेत, तातडीने दत्तक द्यायची आहे’ असा मजकूर आणि खाली ‘पैसे नकोत, फक्त चांगलं घर हवं’. असा निरोप तुमच्यापर्यंत आला असेल किंवा पुढे कधी आला, तर त्याला उत्तर देण्याआधी हे वाचा. आमचे या प्रकारात 44,500 रुपये गेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण ते ज्या रीतीने काढून घेतले गेले ती रीत कुत्र्यांवर जीव असलेल्या माणसांसाठीच बेतलेली आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पुण्यात राहतो. घरी गुंड्या आहे, पेंब्रोक वेल्श कॉर्गी. ही मुळात वेल्समधल्या गुराख्यांची कुत्री. गुरांच्या टाचांना चावे घेत कळप हाकायचा आणि लाथ आली की खालून निसटायचं, हे त्यांचं काम. गुंड्याने आयुष्यात एक गाय हाकली नाही, पण घरी आलेले पाहुणे दोन खोल्यांत पांगले की त्याला चैन पडत नाही. सगळे एका जागी बसले की मगच तो अंग टाकतो. लांब पाठ आणि आखूड पाय यांमुळे या जातीला मणक्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून आम्ही त्याला जिने चढू-उतरू देत नाही आणि वजनावर लक्ष ठेवतो. केस वर्षभर गळतात. आणि खरी कसोटी उन्हाळ्यात. थंड, ओल्या मुलखासाठी घडलेला हा दुहेरी केसांचा कोट, तो घेऊन पुण्यातला एप्रिल काढायचा. सकाळी सातच्या आत फिरून यायचं, दुपारभर पंख्याखाली गार फरशी, पाण्याचं भांडं सतत भरलेलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच गोष्टीचा आमच्याविरुद्ध वापर झाला.

रविवारी सकाळी आम्ही कुत्रेवाले एकत्र जमतो. लॅब्रॅडॉर आहेत, देशी आहेत, एक म्हातारा बीगल आहे, कॉर्गीही आहेत. कुणी गावाला गेलं तर त्याचं कुत्रं दुसऱ्याच्या घरी राहतं. एखाद्या कुत्र्याला रक्त द्यावं लागलं तर धडधाकट कुत्र्याला गाडीत घालून लोक दवाखान्यात पोचतात. या माणसांनी माझ्यासाठी इतकं केलंय की आमच्या ग्रुपवर आलेल्या निरोपाकडे मी परक्याचा निरोप म्हणून पाहतच नाही. तो निरोप तसाच आला, दुसऱ्या शहरातल्या एका ग्रुपवरून तिसऱ्यावर आणि तिथून आमच्याकडे. ज्यांनी पाठवला त्यांनी भल्या मनाने पाठवला, त्यांना मी आजही काही बोललेले नाही.

निरोप असा होता: कोको, तीन वर्षांची कॉर्गी, कोचीत आहे. मालक कुटुंबासह कॅनडाला चालले आहेत, तिथल्या भाड्याच्या घरात कुत्रं चालत नाही. गुंड्याला सोबत हवी असं आमच्या घरात बरेच दिवस चाललं होतं. चांगल्या कॉर्गीचे आपल्याकडे लाख-सव्वा लाख रुपये सहज मागतात, त्यामुळे दुसरं पिल्लू विकत घेण्याचा विचार नव्हता. घर सुटलेल्या, वाढलेल्या कुत्रीला आसरा द्यावा हेच आमच्या मनात होतं.

निरोपातल्या नंबरवर फोन केला तर पलीकडच्या माणसाने आधी पैशांचं नावच काढलं नाही. त्याने माझीच उलटतपासणी घेतली. घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गुंड्याची नसबंदी झाली आहे का, दुसरं कुत्रं आलं तर तो खाण्याच्या भांड्यावरून गुरगुरतो का. त्याने बाल्कनीच्या जाळीचा फोटो मागवला. आमच्या वेटचं, म्हणजे कुत्र्याच्या डॉक्टरचं, नावही विचारलं. खरं कुत्रं खऱ्या माणसाला दत्तक देताना आम्ही स्वतः हेच विचारतो! म्हणूनच मी त्याला आमच्यातला एक समजले. ‘आणखी दोन घरं बघतो आहे, उद्या कळवतो,’ असं म्हणून त्याने आम्हाला रात्रभर थांबवलं. सकाळी ‘तुमचं घर पसंत आहे’ असा निरोप आला तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता. विकणारा घाई करतो, हे आपल्याला माहीत असतं. हा तर आम्हाला नाकारायला तयार होता.

मग कोकोला विमानाने पाठवायचे 8,500 रुपये. हे त्याने संकोच दाखवत मागितले आणि आम्हालाही रास्त वाटले. कुत्रीला विमानतळावर सोडल्याचं कळवलं आणि तासाभरात ‘वाहतूक कंपनी’चा फोन. तिचा क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, नियमात बसत नाही, तापमान राखणारा क्रेट घ्यावा लागेल, 14,000, कुत्री हातात मिळाली की परत. ते भरले तर विमा राहिला आहे म्हणून 22,000, तेही परत मिळणारे. प्रत्येक वेळी पावती यायची, वर शिक्का, खाली सही. एका संकेतस्थळाचा पत्ताही दिला होता. तिथे क्रमांक टाकला की ‘तपासणीसाठी थांबवले आहे’ असं दिसायचं.

विम्याच्या वेळी मी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. त्यावर उत्तर आलं की कुत्री क्रेटमध्ये उन्हात आहे, धापा टाकते आहे, पाणी संपलंय, तुम्ही ठरवा. दिवस एप्रिलचे. कॉर्गीला ऊन लागलं तर काय होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. जीभ गडद होते, तोल जातो, वेळेत थंड केलं नाही तर कुत्रं दगावतं. त्याने नेमकं तेच चित्र माझ्यापुढे उभं केलं. पैसे गेले ते त्या क्षणी. पुढची मागणी 35,000 ची आली, आणि ती भरली नाही तर प्राणी बेवारस सोडल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल अशी धमकी आली. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला.

ग्रुपमधल्या एक काकू कित्येक वर्षं कुत्री पाळताहेत. त्यांना संध्याकाळी सगळे फोटो दाखवले. त्यांनी सगळ्यात आधी चेहरा पाहिला. कॉर्गीच्या कपाळावरचा पांढरा पट्टा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि मोठेपणी तो असा रुंद-अरुंद होत नाही. फोटोंतल्या कोकोचा पट्टा रुंद होता, त्याने पाठवलेल्या व्हिडिओतल्या कोकोचा चिंचोळा. म्हणजे दोन वेगळी कुत्री. मग त्याने पाठवलेलं लसींचं पुस्तक. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. कोकोच्या पानावर जन्मतारखेनंतर सहाव्या आठवड्यातच रेबीजची नोंद होती. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, ज्यावर बॅच क्रमांक असतो, ते एकाही नोंदीपुढे नव्हतं. मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) क्रमांक म्हणून दिलेला आकडा बारा अंकी होता. चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो, वेट चिमुकल्या स्कॅनरने वाचतो तोच.

विमानाचं सांगते. जनावर माल म्हणून पाठवलं की विमान कंपनी एअर वेबिल, म्हणजे त्या मालाची पावती, देते. त्याचा क्रमांक अकरा अंकी आणि पहिले तीन अंक त्या विमान कंपनीचे ठरलेले. तो क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या कार्गो विभागात पडताळता येतो. आम्हाला मिळालेल्या क्रमांकात अक्षरं आणि अंक मिसळलेले होते आणि तो फक्त त्यांनी दिलेल्या त्या एकाच पानावर चालत होता. कार्गोचे पैसे पाठवणारा काउंटरवर भरतो. वाटेत अडवून, यूपीआयवर, कुणा व्यक्तीच्या नावाने आणि ‘परत मिळतील’ म्हणून पैसे मागणारी विमान कंपनी नसते.

दुसऱ्या दिवशी ते फोटो आणखी कुठे आहेत, हे इंटरनेटवर फोटो टाकून शोधलं. कोकोचे फोटो परदेशातल्या एका बाईंच्या कॉर्गीचे निघाले. ती कुत्री तिच्या घरी सुखात आहे. बाईंना कळवलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं, आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडलेलं नव्हतं.

तक्रार मी त्याच रात्री 1930 या सायबर हेल्पलाइनवर केली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवली. पैसे गेल्याचं जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढच्या खात्यात जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त. आमच्या शेवटच्या रकमेतला काही भाग बँकेने रोखला आहे, हातात अजून आलेला नाही. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढे गेल्या होत्या. पोलीस ठाण्यात जाताना व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारा क्रमांक), समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पावत्या छापून न्या. चॅट रागाच्या भरात पुसू नका. ठाण्यात एका हवालदारांनी ‘कुत्र्यासाठी एवढे?’ असं विचारलं, पण तक्रार नीट लिहून घेतली. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे, पूर्वीचं 420.

यानंतरचा एक प्रकार कमी लोकांना माहीत असतो. काही दिवसांनी एकाचा फोन आला, ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, प्रक्रिया शुल्क 3,000.’ त्याला आमची रक्कम रुपयापर्यंत ठाऊक होती. एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांत फिरतात किंवा तीच टोळी पुन्हा येते. पोलीस पैसे परत करायला शुल्क मागत नाहीत.

पिल्लू विकत घेणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे 2017 चे केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. पिल्लाची आई बघायचा आग्रह धरा. केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, कागद दाखवले तर त्यावरचा चिप क्रमांक पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, ते तुमच्या वेटकडून वाचून घ्या. आणि दत्तक असो की विकत, कुत्र्यासोबत थेट व्हिडिओ कॉल करा आणि त्या कॉलवरच काहीतरी करायला सांगा: तिचा डावा कान हातात धरा, पुढच्या पंजाजवळ आजचा पेपर ठेवा. आमच्या माणसाने ‘नेटवर्क नाही’ म्हणत तीनही कॉल टाळले होते आणि नंतर तयार व्हिडिओ पाठवला होता. आमच्या ग्रुपवर आता ओळखीतल्या कुणी ते कुत्रं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दत्तकाचा निरोप पुढे जात नाही. शहर दूर असलं तर तिथल्या एखाद्या कुत्रेवाल्याला जाऊन बघायची विनंती करतो, आणि अशी माणसं मिळतात.

गेल्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा फिरताना दिसले. आता तिचं नाव कोको नाही, शहर इंदूर आहे आणि मालक ऑस्ट्रेलियाला चालले आहेत. लाल-पांढरी कॉर्गी, गळ्यात निळा पट्टा, मागे लाकडी कुंपण आणि उजव्या कानाचं टोक किंचित दुमडलेलं. हे फोटो तुमच्याकडे आले तर एक रुपयाही पाठवू नका, ज्याने पाठवले त्याला लगेच सांगा आणि समोरचा नंबर 1930 वर कळवा.