फिक्स्ड की फ्रीव्हील? बडोद्यात एका गिअरची सायकल घेणाऱ्यांसाठी

बडोदं सपाट आहे. शहरात चढ म्हणाल तर उड्डाणपुलांचे आणि अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यातून वर येतानाचा. तेव्हा एका गिअरवर भागेल का, हा प्रश्न इथे फारसा उरत नाही. प्रश्न आहे तो मागच्या चाकाचा: फ्रीव्हील लावायचं, की कॉग (मागची दातेरी चकती) हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, पक्का जखडायचा?

फ्रीव्हीलमध्ये पाय थांबवले तरी चाक टिकटिकत पुढे जातं. फिक्स्डमध्ये चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच. पाय थांबवायला गेलात तर पायडल तुम्हाला बसल्या जागेवरून उचलतं. बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

सुरुवात थांबण्यापासून करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. फिक्स्डवर पायांनी उलटा जोर देऊन वेग कमी करता येतो, म्हणून ब्रेक नकोच, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवरच्या, सायकलींना ब्रेक नसतात हे खरं. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि आडवी गाय येत नाही. पायांचा जोर फक्त मागच्या चाकावर लागतो. वेग कमी होताना सायकलीचा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. ताशी २५ किमी वेगात, कोरड्या डांबरावर, चांगला पुढचा ब्रेक सायकल साधारण ५ मीटरमध्ये थांबवतो. फक्त मागच्या चाकाच्या भरवशावर तेच अंतर १० मीटरच्या आसपास जातं, आणि यात भानावर येण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणून फिक्स्ड घ्या किंवा फ्रीव्हील, पुढचा ब्रेक हवाच. फ्रीव्हीलला मागचाही हवा, कारण तिथे पाय काहीच थांबवत नाहीत. रिम अॅल्युमिनियमची घ्या. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक पॅड नुसतेच घासत राहतात.

थांबल्यावर निघण्यातही फरक आहे. फ्रीव्हीलवर पायाच्या बोटाने पायडल मागे फिरवून हव्या जागी आणता येतं. फिक्स्डवर ते मागे फिरत नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे रेटायचं, मागचं चाक किंचित उचललं जातं, तेवढ्यात पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणायचं. सवय झाली की हे एका सेकंदाचं काम. सवय होईपर्यंत मात्र काळा घोडा सर्कलला सिग्नल सुटल्यावर मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकावे लागतात.

शिकायला किती वेळ लागतो? फ्रीव्हीलला लागतच नाही. फिक्स्डला पहिले १०-१२ तास रहदारीपासून दूर द्या. सकाळी सहाला सोसायटीचा रिकामा रस्ता चालेल. आधी फक्त सरळ चालवा, न थांबता पायडल मारत. मग पायांनी हळूहळू जोर धरून वेग कमी करायचा, अगदी चालण्याच्या वेगापर्यंत. नंतर वळणं: झुकलेल्या बाजूचं पायडल खाली असताना ते रस्त्याला टेकू शकतं, आणि तुम्ही ते थांबवू शकत नाही. त्यासाठीच क्रँक (पायडलचा दांडा) १७० ऐवजी १६५ मिमीची घ्यावी. गतिरोधकावर फ्रीव्हीलवाला पायडल आडवी ठेवून नुसता उठतो. फिक्स्डवर पाय चालू ठेवूनच बूड किंचित उचलावं लागतं, म्हणून बम्प आधी दिसायला हवा. स्किडिंग (पायांनी मागचं चाक जखडून घसरत थांबणं) सर्वांत शेवटी, किंवा नाही शिकलात तरी चालेल.

धोका पहिल्या दिवशी नसतो. पहिल्या दिवशी सगळे सावध असतात. साधारण आठवड्याने हात बाटलीकडे जातो, नजर बाजूला वळते, जुनी सवय पाय थांबवते आणि पायडल झटका देतं.

पायाला पट्टा किंवा क्लिप हवी. साध्या पायडलवरून पाय निसटला, तर फिरतं पायडल नडगीवर आपटतं आणि वेगावर ताबा उरत नाही. शिकताना पट्टे सैल ठेवा. चपला नकोतच. बुटाची नाडी आत खोचा, उजव्या पायाच्या पँटला रबरबँड लावा, ओढणी असेल तर गाठ मारून आवरा. फ्रीव्हीलवर कापड चेनमध्ये अडकलं तर पाय थांबवून सुटका होते. फिक्स्डवर चाक ते ओढतच राहतं.

गिअर किती? दुकानात बहुतेक ४४ दातांचं पुढचं चेनव्हील आणि १६चा कॉग दाखवतात. मिनिटाला ७० फेऱ्यांवर ते ताशी २४ किमी देतं. मोकळ्या रस्त्यावर मजा येते, पण रावपुऱ्यात थांबत-निघत जाताना गुडघे बोलू लागतात. फिक्स्ड शिकायला ४२/१७ बरं: त्याच फेऱ्यांवर ताशी २२च्या आत राहता, आणि पायांनी रोखायलाही जोर कमी लागतो. आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. स्किड करताना ४२/१७ मध्ये टायर १७ वेगवेगळ्या ठिकाणी झिजतो, ४४/१६ मध्ये ४ ठिकाणी, आणि ४८/१६ मध्ये प्रत्येक स्किड एकाच जागी. तो टायर लवकरच फाटतो.

बसवणीत फिक्स्डला माफी नाही. योग्य हबवर दोन आटे असतात: कॉगसाठी नेहमीचा उजवा, आणि त्याच्या बाहेर लॉकरिंगसाठी (कॉगला अडवून धरणारी कडी) थोडा लहान, उलटा. उलटा जोर दिल्यावर कॉग सुटू पाहतो तेव्हा उलट्या आट्याचं लॉकरिंग त्याला धरतं. आटे पुसा, ग्रीस लावा, कॉग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेला पाना) पक्का आवळा, लॉकरिंग लावा; पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर लॉकरिंग पुन्हा आवळा. जुन्या काळ्या सायकलीच्या हबला हा दुसरा आटा नसतो. त्यावर कॉग चढवून देणारे मिस्त्री भेटतील. नको म्हणा, कारण तो कॉग नेमका तुम्ही जोरात थांबू पाहता तेव्हाच सुटतो.

चेनचा ताणही बघायला हवा. मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर एक सेंटीमीटरभर हलली पाहिजे, आणि हे क्रँक फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट असते तिथे मोजायचं. फार घट्ट झाली तर बेअरिंग खातात. सैल चेन फ्रीव्हीलवर उतरली तर हात काळे होतात. फिक्स्डवर उतरली तर कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकून मागचं चाक जागीच बसू शकतं. चेन साफ करताना सायकल उलटी ठेवून पायडल फिरवत फडकं धरायची सवय फिक्स्डवर सोडा. फ्रीव्हीलवर मागे फिरवताना चाक स्थिर असतं. इथे अख्ख्या चाकाचा वेग बोट आत ओढतो. उत्तरायणानंतर मागच्या हबभोवती गुंडाळलेला मांजाही असाच, चाक थांबवून कात्रीने काढा.

मग फिक्स्ड घ्यावी कशाला? मूठभर भाग, बिघडायला जवळजवळ काही नाही. पावसाळ्यात फ्रीव्हीलमध्ये चिखल शिरतो, कुरकुरतं, कधी दोन्हीकडे मोकळं फिरू लागतं. कॉगमध्ये बिघडण्यासारखं आत काही नसतंच. ओल्या रस्त्यावर चाक घसरायला लागलं की पायाला आधी कळतं. वेगाचं बारीक नियंत्रण पायात येतं, गर्दीतसुद्धा. पायडल मारणं गोल, गुळगुळीत होतं. हा गुण फ्रीव्हीलवर लवकर येत नाही.

रोजचा रस्ता मांडवी, लहेरीपुरा, मंगळ बाजारातून असेल तर फ्रीव्हील घ्या, दोन ब्रेकसह. वासणा-भायली किंवा जुन्या पादरा रोडसारखे रुंद रस्ते, आणि लवकर निघायची सवय असेल तर फिक्स्ड जमेल. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर दोन्ही सारख्याच वाईट: खाली खड्डा आहे की उघडं गटार, दिसत नाही. (विश्वामित्रीतल्या मगरींचा प्रश्न वेगळाच.)

निवड पक्की होत नसेल तर फ्लिप-फ्लॉप हब बघा: एका बाजूला कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. कॉग १७चा आणि फ्रीव्हील १८चं असेल तर चाक उलटवल्यावर धुरा साधारण ३ मिमी पुढे-मागे सरकतो, तेवढ्यात चेन बसते; मागचे ब्रेक पॅड मात्र तपासा. महिनाभर फ्रीव्हीलवर शहर ओळखीचं करा, रविवारी सकाळी चाक उलटवा. १५ मिमीचा पाना सीटखाली बांधलेला असू द्या.

पावागडला जायचं असेल तर आदल्या रात्री चाक फ्रीव्हीलवर आणा, दोन्ही ब्रेक तपासा. माचीहून उतरताना वेग ताशी ४० किमी झाला तर ४२/१७ वर पायांना मिनिटाला १२८ फेऱ्या माराव्या लागतात, आणि त्या थांबवणं तुमच्या हातात नसतं.