नव्या रिलेचे पैसे घेतले आणि मोटर जाळली

वर्कशॉपसाठी थ्री-फेज मोटर जोडून घेणार असाल तर हे आधी वाचा. माझ्या लेथची पाच एचपीची मोटर दीड महिन्यात जळाली, आणि ज्याने ती जोडली त्यानेच मला फसवलं.

जोडणीच्या दिवशी वायरमनने पट्टा काढून मोटर मोकळी फिरवून दाखवली. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून म्हणाला, "बघा, करंट किती कमी घेतेय! आवाजसुद्धा नाही." मी खूश. मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, डेल्टा असं स्पष्ट कोरलेलं होतं, पण टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्या त्याने स्टारमध्ये लावल्या होत्या. डेल्टा आणि स्टार म्हणजे मोटरच्या तीन कॉइल एकमेकींना जोडायच्या दोन पद्धती. डेल्टासाठी तिन्ही पट्ट्या उभ्या हव्यात, इथे एका ओळीतली तीन टोकं एकत्र बांधलेली. अशाने प्रत्येक कॉइलला ४१५ ऐवजी जेमतेम २४० व्होल्ट मिळतात आणि मोटरचा जोर एक तृतीयांशावर येतो. मोकळी असताना ती गोगलगाईसारखी गरीब वाटणारच.

खोल कट घेतला की मोटर दबायची, घुरघुरायची आणि थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ वाढला की मोटर बंद करणारं संरक्षण) ट्रिप व्हायचा. रिले आपलं काम चोख करत होता. वायरमनला बोलावलं तर म्हणाला, "रिलेच खराब आहे, नवा टाकतो." नव्याचे पैसे घेतले. मोटर बंद पडणं थांबलं. मग एका दुपारी जळक्या वार्निशचा वास आला आणि मोटरमधून धूर निघाला.

त्याने फोनवरच निकाल दिला: "तुमची एक फेज गेली होती, त्याला मी काय करणार?"

रिवाइंडिंगवाल्याने माझ्यासमोर मोटर उघडली. स्टारमध्ये एक फेज गेली तर दोन फेजच्या कॉइल जळतात, तिसरी बरीचशी शाबूत राहते, असं त्याने समजावलं. इथे तिन्ही सारख्याच काळ्याठिक्कर होत्या. म्हणजे फेज गेली नव्हती, मोटर ओव्हरलोडवर चालत राहून भाजली होती. मग रिलेने का थांबवली नाही? घरी येऊन मेन बंद केला, स्टार्टर (मोटर चालू-बंद करायची पेटी, रिले त्यातच असतो) उघडला. रिलेवर लेथ रंगवताना उडालेला हिरवा ठिपका तसाच. तोच जुना रिले! आणि ९५ व ९६ नंबरच्या स्क्रूंमध्ये बोटभर लाल वायर. रिले ट्रिप झाला की कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या स्विचची, कॉइल बंद करणारा संपर्कच त्याने शॉर्ट करून टाकला होता. रिले कितीही ट्रिप झाला तरी मोटर थांबणार नव्हती. चूक कुणाचीही होऊ शकते, पण ही वायर चुकून लागत नाही.

पैसे देण्याआधी पाटी आणि पट्ट्या ताडून पाहा. मोटर लोडवर चालवून तिन्ही फेजचा करंट मोजायला लावा, तो पाटीवरच्या आकड्याच्या आत हवा आणि तिन्हींत जवळपास सारखा. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि रिलेला टेस्टचं बटण असेल तर मोटर चालू असताना ते वायरमनलाच दाबायला सांगा. मोटर तिथल्या तिथे थांबली नाही, तर त्याला जाऊ देऊ नका.