रिसॉर्ट चांगला, तेल तेवढं घरून न्या

औशात माझा लाकडी घाणा आहे. वेळ अमावस्येपासून संक्रांतीपर्यंत तिळाच्या गिऱ्हाइकांमुळं मान वर करायला सवड नसते. म्हणून पोरानं आमच्या लग्नाच्या पंचविशीचं बुकिंग केलं ते जानेवारीच्या शेवटी. रत्नागिरीच्या पुढं, समुद्राला लागून 11 खोल्या. रस्ता सोपा. आमच्याच औशावरनं जाणारा नागपूर-रत्नागिरी हायवे धरायचा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा. पहाटे चारला निघालो, दिवस बुडता पोचलो. शेवटचे तीन किलोमीटर तांबडा कच्चा रस्ता. समोरून टेम्पो आला की कुणीतरी मागं सरायचं. मोबाइलची रेंज काजूच्या बागेपाशीच मेली.

एकांत मात्र खरा. सुरूचं बन, जांभ्या चिऱ्याच्या खोल्या आणि रात्रभर लाटांची गाज. पहिल्या रात्री झोपेत मला वाटलं, घाण्याची मोटार बंद करायची राहिली.

फोटोतलं लांबरुंद वाळूचं मैदान ओहोटीचं आहे, हे ध्यानात ठेवा. आम्ही पौर्णिमेला होतो, भरतीचं पाणी पार कठड्याला लागलं. वेळापत्रक कुठंच लावलेलं नाही. माळीबाबांना विचारायचं; रोज पाऊण-एक तास पुढं सरकते म्हणाले, आणि तसंच झालं.

आता स्पा. 90 मिनिटांचा अभ्यंग, माणशी 3200 रुपये. पत्रकावर 'शुद्ध तिळाचं तेल' छापलेलं. वाटी समोर आली तशी सवयीनं दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले. तीळ कुठला! घाण्याच्या तेलाला कच्च्या तिळाचा गोडसर वास असतो, रंग सोनेरी. हे पाण्यासारखं पांढरं, वरून लव्हेंडरचा वास मारलेला. अंगात मुरायचं नाव नाही, नुसतं वरवर घसरतं. माझा अंदाज, बाजारात व्हाइट ऑइल म्हणतात तसलं काहीतरी खनिज तेल.

पण मसाज करणारा केरळचा पोरगा लई हुशार. 30 वर्षं पोती उचलून उजव्या खांद्यामागं गाठ झालीय माझ्या, ती त्याला न सांगता सापडली. अंगठा तिथंच रोवून थांबला, 'सांस छोडो' म्हणला. गाठ सैल पडली तसे माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी हिच्या गुडघ्यांसाठी आणलेली आमच्या घाण्याची अर्ध्या लिटरची बाटली त्याच्यापुढं ठेवली. त्यानं झाकण काढून वास घेतला नि हसला. 'घर का?' बाटली गरम पाण्यात ठेवून तेल कोमट केलं, मग कामाला लागला. हिच्यासाठी बाई होती. तिनंही तेच तेल वापरलं.

जेवण ठीक. घावणे नि सोलकढी झकास, भाकरी मात्र तांदळाची. ज्वारीचं पीठच नाही म्हणाला आचारी. माशांचं आम्हा माळकऱ्यांना विचारू नका.

निघताना बिल बघितलं तर दुसऱ्या दिवशीच्या मसाजाचेही पुरे 3200. काउंटरवरच्या पोरीला म्हणलं, बाई, तेल तर माझं होतं. ती म्हणाली, सिस्टीममधून तेल वेगळं काढता येत नाही, काका. बाटलीत चार बोटं तेल उरलं होतं, ते त्या पोराला देऊन आलो.